दुरडीतला कागद

गडहिंग्लज,
८ फेब्रुवारी २०२५

रुद्रेश,

आशीर्वाद शेवटी लिवीन, तंवर राग उतरला तर.

कुरिअरचं पाकीट मिळालं. आत काय काय निघालं ते तुला सांगते, कारण ते तू स्वतःच्या हातानं भरलं असशील असं मला वाटत न्हाय. एक हक्कसोडपत्र. त्यात अप्पांच्या शाहूपुरीतल्या गुळाच्या पेढीवरचा हक्क मी राजीखुशीनं सोडते, असं मीच म्हणतेय. 'राजीखुशीनं' दोनदा हाय. सही कुठं करायची तिथं पिवळ्या चिठ्ठ्या डकवल्यात, म्हातारीला सापडायचं न्हाय म्हणून. एक हिरवी इरकल साडी. आणि तुझी चिठ्ठी. वीस वर्षं बंद पडलेली पेढी पाडायची न्हाय, तिचं मुलींचं वसतिगृह करायचं, जूनला उघडायचं. आणि खाली एक ओळ, की अक्का, मेसचं तू बघ, तुला सवय हाय.

तुला सवय हाय. हे मी चष्मा पुसून पुसून चारदा वाचलं.

सवय कसली ते तू लिवलं न्हाईस, म्हणून मी लिवते. अप्पांकडं गूळ घालणाऱ्या शेतकऱ्यांची पोरं शिकायला कोल्हापूरला आली की अप्पा त्यांना पेढीच्या माडीवर फुकट ठेवून घ्यायचे. नेसरीची, चंदगडची, कुठली कुठली. नऊ-दहा तर कायम असायची. त्यांच्या दोन्ही वेळच्या भाकरी खाली मागच्या सोप्यात अव्वा आणि मी थापायचो. मी तेराची असल्यापासनं. ती पोरं पुढं साहेब झाली, मास्तर झाली, एक फौजदार झाला. अप्पांच्या पुण्यतिथीला येतात, फोटोला हार घालतात, विरूपाक्ष अण्णांनी आम्हाला घडवलं म्हणून डोळे पुसतात. भाकरी कोण थापत होतं, हे त्यातल्या एकानंही आजवर विचारलं न्हाय.

आणि माडीवर जायची आम्हा दोघींना बंदी होती. परकी पोरं राहतात तिथं घरच्या बाईमाणसानं पाय ठेवायचा न्हाय. मागच्या अंगाला गुळाच्या ढेपा वर चढवायची लोखंडी कप्पी होती की, तिच्या दोराला भाकरीची दुरडी बांधायची, दोर दोनदा हिसकायचा, आणि वरनं पोरं ओढून घ्यायची. अप्पांशी लग्न करून अव्वा त्या घरात सून म्हणून आली आणि तिथंच गेली. त्रेपन्न वर्षं माडी तिनं खालनंच बघितली.

साडी परत पाठवते. सही केलेली न्हाय. फोन करू नको, फोनवर तू मधेच बोलतोस, म्हणून तर हे पत्र. आणि आता महिनाभर मला काम हाय. कसलं ते विचारू नको.

आशीर्वाद राहिला.

विद्याश्री


गडहिंग्लज,
१६ मार्च २०२५

रुद्रेश,

काल तू अमरेशला पाठवलंस. स्वतः यायची छाती झाली न्हाय, लेकाला पुढं केलंस. पोरगं मात्र चांगलं हाय, तुझ्यावर गेलं न्हाय. आल्या आल्या पाया पडला, दोन ताटं आमटी-भात खाल्ला आणि लॅपटॉप उघडून बसला.

खरं ते खरं सांगते, मला आवडलं. खोटं बोलायची सवय मला न्हाय. सागवानी खांब ठेवलेत, दगडी जोतं ठेवलंय, कबुतरं हाकललीत. अप्पांची गादी होती तिथं पोरींना वाचत बसायला लांबलचक टेबल. माडीवर सहा खोल्या, खोलीत तीन खाटा, प्रत्येक खाटेला आपला दिवा. असलं काम करायला शिकलाय तर त्याचं कौतुक केलं पायजे. केलं मी.

मग त्यानं मागच्या अंगाचा फोटो दाखवला. कप्पी घासूनपुसून काळी कुळकुळीत केलेली, तिला नवा दोर, दोराला दुरडी, आणि दुरडीत मनीप्लांट. वर पाटी, 'बसव्वा निवास'.

माझं डोकं सणकलं. ज्या बाईला जिवंतपणी ती माडी चढू दिली न्हाय, तिचं नाव माडीच्या कपाळावर ठोकताना तुम्हा कुणाचा हात अडखळला न्हाय? आणि दुरडीत झाड? मी अमरेशला विचारलं, दुरडीचं तुला कुणी सांगितलं. म्हणाला, पप्पांनी, जुन्या काळी तिच्यातनं वर सामान चढवायचे म्हणे.

सामान. पोटच्या पोरालासुद्धा तू सामान म्हणून सांगितलंस. चार-पाच वर्षं मी तुझ्या डोळ्यांदेखत त्या दुरडीत भाकरी भरल्या, आणि दुरडीतनं काय खाली आलं ते तर तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक न्हाय. ते का न्हाय सांगितलंस त्याला? जीभ रेटली न्हाय व्हय?

मी त्याला माझं म्हणणं सांगितलं, तुलाही सांगते. मेस मी बघणार न्हाय. मला माडीवर एक खाट पायजे. तो हसला, म्हणाला, आत्या, गेस्ट रूम ठेवू की तुमच्यासाठी. मी म्हटलं, पावणी म्हणून न्हाय, राहायला. इतर पोरी राहतील तशी, फी भरून. त्याला काही उमगलं न्हाय. तुला उमगायला पायजे.

विद्याश्री


गडहिंग्लज,
६ एप्रिल २०२५

रुद्रेश,

सांगूनही फोन केलासच. आणि काय म्हणालास, तर पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं उगाळून कुणाचं भलं झालंय. मी फोन ठेवला तो रागानं न्हाय, शेजारीण बसली होती म्हणून. ती आता गेलीय. आता ऐक.

मी बारावीला होते, तू अकरावीला. आठवतंय का, दिवाळीच्या पाडव्याला अप्पा गादीवर बसून हमालांसमोर म्हणाले होते की रुद्र्या ढेपा बघील, पेढी माझी विद्या बघील, बी.कॉम. होऊन. हमाल हसले. तू खांबाला टेकून उभा होतास. तुझं तोंड तेव्हा कसं झालं ते मी बघितलं होतं, पण मला वाटलं, लहान हाय, विसरेल.

वर नेसरीचा ज्ञानू राहत होता. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. दोन वर्षांत मी त्याचं तोंड चारदासुद्धा नीट बघितलं नसेल. चष्म्याची भिंगं जाड होती एवढं आठवतंय. एकदा मी भाकरीच्या फडक्याखाली चिठ्ठी ठेवली, की अर्थशास्त्रातलं अमुक कळत न्हाय, वर कुणाला येत असलं तर लिवून द्यावं. नाव घातलं न्हाय, कुणाच्या नावानं न्हाय. रिकाम्या दुरडीत ज्ञानूचं उत्तर आलं, सुबक अक्षरात. मग दर आठवड्याला येत गेलं. मी चुलीजवळ बसून पाठ करायची. अव्वाला ठाऊक होतं. कागद पिठानं भरू नये म्हणून भाकरी थापता थापता ती तेवढा बाजूला सरकवून ठेवायची.

परीक्षेला पंधरा-वीस दिवस होते. ज्ञानूनं मोठा कागद पाठवला, पाठपोट भरलेला, सगळा इंग्रजीत. परीक्षेला येण्यासारखे प्रश्न आणि त्यांची उत्तरं. माझे हात पिठात होते म्हणून दुरडी तू उतरवलीस. कागद काढलास, उभ्या उभ्या वाचलास, आणि सरळ अप्पांकडं गेलास.

अप्पा चार बुकं शिकलेले. मराठी वाचायचे, घरात कानडी बोलायचे, इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. त्यांनी कागद उलटासुलटा केला आणि तुलाच म्हणाले, वाच, काय लिवलंय. मी दाराआड उभी होते, रुद्रेश. तुझ्यापासनं पाच हातांवर.

‘प्रेमाचं हाय, अप्पा,’ तू म्हणालास.

मी बाहेर आले. आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकांसमोर पेढीत आले. म्हटलं, ‘अप्पा, परीक्षेचे प्रश्न हाईत ते.’ अप्पांनी मारलं. त्याआधी कधी हात लावला नव्हता, त्यानंतरही न्हाय. त्या संध्याकाळी ज्ञानूची पत्र्याची ट्रंक जिन्यावरनं खाली आली. पोरगं गल्लीत उभं राहून एकच गोष्ट म्हणालं, की अण्णा, तो कागद दुसऱ्या कुणाकडनं तरी एकदा वाचून घ्या. शेजारच्याच पेढीत दोन बी.ए. झालेले बसले होते. पण अप्पांनी दाखवला न्हाय. दाखवला असता आणि खरंच प्रेमाचं निघालं असतं, तर घरची अब्रू परक्याच्या तोंडी गेली असती. म्हणून त्यांनी तो चुलीत घातला. एवढा शहाणा व्यापारी. ढेपेचा रंग बघून गूळ कुठल्या गावचा ते सांगणारा माणूस, आणि लेकीचा कागद न वाचता जाळला.

बावीस दिवसांत माझं लग्न लावलंत. नाव ठेवलं विद्याश्री, आणि अर्थशास्त्राच्या पेपरादिवशी मला हळद लावली. अकराला पेपर होता, अकराला मी पाटावर होते. बायका गाणी म्हणत होत्या आणि मी मनात उत्तरं म्हणत होते, कारण पाठ झाली होती ना.

एक अजून सांगते. नेसरी इथनं एसटीनं तासाच्या आत. पंचेचाळीस वर्षांत मी ज्ञानूचं पुढं काय झालं ते कुणाला विचारलं न्हाय. त्यानं शिक्षण पुरं केलं का, हाय का गेला. विचारलं असतं तर तुझं खोटं खरं ठरलं असतं. एका माणसाचं आपल्यापायी वाटोळं झालं का, एवढंही विचारायची सोय तू ठेवली न्हाईस.

आता बोल, उगाळते म्हणून.

विद्याश्री


गडहिंग्लज,
२२ एप्रिल २०२५

रुद्रेश,

तुझं पत्र आलं. जन्मात पहिल्यांदा तुझ्या हातचं पत्र आलं, तेही अर्धं पान.

लिवतोस, मी सोळा वर्षांचा होतो. मग मी किती वर्षांची होते? सतरा. तुझ्या सोळाला माफी आणि माझ्या सतराला मुंडावळ्या.

लिवतोस, तुझं सगळं चांगलंच झालं की अक्का, घर चांगलं मिळालं. व्हय, मिळालं. आमचे मालक देवमाणूस होते, मला कधी दुखवलं न्हाय, पोरं गुणाची निघाली. त्याचं श्रेय तू कसलं घेतोस? खोटं बोलताना तू मला चांगला नवरा शोधत होतास काय? घर चांगलं मिळालं म्हणून पेपर बुडाला ते भरून येत न्हाय. दोन्ही पायजे होतं मला. तुला मिळालं तसं दोन्ही.

लिवतोस, वाचनाच्या खोलीला तुझं नाव देतो. नको. अव्वाचं दिलंस तेवढं पुरे झालं. तुमच्या घरातल्या बायका मेल्यावर किंवा पाटीवरच वर चढतात.

त्या अर्ध्या पानात एकच ओळ कामाची हाय, म्हणून पत्र फाडलं न्हाय, पेटीत ठेवलंय. 'वाचलं तेव्हा मला कळलं होतं, अक्का.' बास. हेच मला कुणीतरी म्हणायला पायजे होतं. अप्पा गेले ते न कळताच गेले. त्यांना सांगायला तुझ्याकडं अठ्ठावीस वर्षं होती.

हे वाचून मी दुपारी जेवले न्हाय. राग आला म्हणून न्हाय. रडू आलं म्हणून. आता परत रागच हाय.

विद्याश्री


गडहिंग्लज,
१४ मे २०२५

रुद्रेश,

तुला न सांगता परवा कोल्हापूरला जाऊन आले. राखणीला केरबा हाय, अप्पांच्या वेळचा हमाल. तू त्याला काढलं न्हाईस हे बरं केलंस. त्यानं मला ओळखलं, म्हणाला, अक्कासाब, चुलीकडच्या दारानं येता का? म्हटलं, न्हाय केरबा, पुढनं.

जिना चढले. एकोणीस पायऱ्या हाईत. घरात सतरा वर्षं काढली, पायऱ्या किती ते आता कळलं. मधे एकदा थांबले, गुडघ्यासाठी. केरबा खाली उभा राहून डोळे पुसत होता. त्याला म्हटलं, रडायला काय झालं, कुणी मेलंय का.

चौथ्या खोलीची खिडकी मागच्या अंगाला, कप्पीजवळ. चौकटीच्या खालच्या लाकडाला दोरानं घळ पडलीय, दोन बोटं जाईल एवढी. अमरेशनं ती बुजवली न्हाय, पॉलिश तेवढं मारलंय. मी बोट घालून बघितलं. मग खाली बघितलं. आमचा सोपा, चूल होती ती जागा, पाटा-वरवंटा ठेवायचा कोपरा, सगळं स्वच्छ दिसतंय तिथनं. म्हणजे आम्ही दिवसभर राबतोय ते वरच्या नऊ-दहा पोरांना रोज दिसत होतं. आम्हाला मात्र मान वर करायची बंदी. त्यातल्या एकालाच वाटलं की खालच्या पोरीला अर्थशास्त्र पोचवावं, आणि त्याला आपण ट्रंकेसकट बाहेर काढला.

मनीप्लांट दुरडीतनं काढून केरबाला दिलाय. त्याच्या घरी कळंब्याला लावणार म्हणाला. परत लावलास तर परत काढीन.

खिडकीजवळच्या खाटेवर बसून बघितलं. बरी हाय.

विद्याश्री


गडहिंग्लज,
११ जून २०२५

रुद्रेश,

आता त्या महिनाभराच्या कामाचं सांगते.

मालक गेल्यावर वारणानगरची माझी सौंदर्या म्हणाली, आई, दिवसभर काय करतीस, बारावीचा सतरा नंबरचा फॉर्म भर, घरी बसून परीक्षा देता येते. तिला मी हळदीच्या दिवसाचं कधी सांगितलं नव्हतं, ती सहज बोलली. भरला. तुझं पाकीट आलं तेव्हा परीक्षेला तीन दिवस होते आणि मी बुक-कीपिंग करत बसले होते. त्यात तुझी साडी. म्हणून पहिलं पत्र जरा जास्तच तिखट झालं असेल. पण एक शब्द मागं घेत न्हाय.

परीक्षेला गेले तर दारावरचा माणूस म्हणाला, आजी, पालकांनी बाहेर बसायचं. मी हॉलतिकीट दाखवलं. त्यानं दोनदा फोटो बघितला आणि माझी पिशवी धरून जिन्यानं वर्गापर्यंत पोचवली. अर्थशास्त्राच्या पेपरात एक प्रश्न असा आला की जो ज्ञानूच्या कागदात पहिलाच होता. पुस्तक बदललं, सगळं बदललं, प्रश्न तोच. मी लिवला. पुरा लिवला.

पास झाले. एकसष्ट टक्के. अर्थशास्त्रात चौऱ्याहत्तर. कोल्हापूरच्या कॉलेजात बी.कॉम.ला नाव घातलंय. गडहिंग्लजला कॉलेजं न्हाईत काय? हाईत, चांगली हाईत. पण मला त्या माडीवर राहून शिकायचंय. बाकीच्यांच्या पोरांना अप्पांनी दिली ती जागा मला पायजे. एवढंच माझं मागणं हाय, आणि ते मी मरेस्तोवर सोडणार न्हाय.

सोबत दोन कागद हाईत.

पहिला माझ्या सहीचा हाय. हक्कसोडपत्र न्हाय ते, ते मी फाडलं. पेढीचं मुलींचं वसतिगृह करायला माझी हरकत न्हाय, असं साध्या मराठीत लिवून दिलंय. वकिलाला दाखवून घेतलंय, तुझं काम अडायचं न्हाय. प्रॉपर्टी कार्डावर माझं नाव तुझ्याबरोबर राहील. ते तू मला खाट दिलीस तरी राहील आणि न्हाय दिलीस तरी राहील, म्हणून ह्या सहीला माझी अट कसलीच न्हाय. पोरींना जागा मिळू दे. मेसला बाया लाव, रीतसर पगार दे, आणि त्यांना जिन्यानं वर जाऊ दे.

दुसरा कागद वसतिगृहाचा प्रवेशअर्ज. अमरेशनं पाठवला. भरलाय मी. चौथी खोली, खिडकीजवळची खाट. बरोबर दोन पोरी असल्या तर चालतील. घोरते मी, ते 'इतर माहिती'त लिवलंय, नंतर तक्रार नको. वयाच्या रकान्यात बासष्ट घातलंय. तुझा नियम सतरा ते पंचवीस हाय असं कळलं. सतराची होते तेव्हा मी ह्याच माडीखाली होते, त्यामुळं नियमाचं मला सांगू नको.

एक रकाना राहिलाय. आईवडील नसतील तर गावातल्या नातेवाइकाचं नाव पालक म्हणून घालायचं, आणि विद्यार्थिनीबद्दल वर लिवलेलं सगळं वाचलं, ते खरं हाय, अशी त्यानं सही करायची. कोल्हापुरात माझं तूच एक माणूस हायस. नाव तुझं घातलंय. नातं, धाकटा भाऊ. सहीची जागा मोकळी हाय. मी तिथं पिवळी चिठ्ठी डकवलीय.

अर्ज सगळा इंग्रजीत हाय. ह्या खेपेला जे लिवलंय तेच वाच, आणि सही कर.

तुझी अक्का,
विद्याश्री